कपाशी वाळली, केना फुलला

छत्रपती संभाजीनगरला जाऊन आलेली माणसं वेरूळबद्दल सांगतात, मकबऱ्याबद्दल सांगतात, हिमरूची शाल दाखवतात. मला यातलं काही विचारू नका. मी तिथं तीनेक आठवडे राहिले आणि तेवढ्या काळात एक कपाशीचं शेत पाहिलं. तेच शेत, जवळजवळ रोज. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी सावंतवाडीची. नोकरी ग्रंथालयात झाली. आता निवृत्त आहे. माझी मुलगी गौरी लग्न होऊन तिकडे गेली आणि गेल्या वर्षी आषाढात तिला पहिल्या बाळंतपणासाठी घरी आणायला मी निघाले. प्रवासाचं सांगत नाही. बस होती आणि ती पोचली.

मी पोचले त्याच दिवशी गौरीच्या डॉक्टरांनी तिला तपासून एवढ्यात प्रवास नको असं सांगितलं. काळजीचं कारण नव्हतं, पण काही दिवस तिनं पडून राहायचं होतं. मी काय करायचं ते डॉक्टर बोलले नाहीत.

उस्मानपुरा

गौरी आणि जावई उस्मानपुऱ्यात राहतात. दुसरा मजला, खाली झेरॉक्सचं दुकान. जावई चिकलठाण्याच्या एका कारखान्यात आहेत. गौरी पत्ता सांगताना संभाजीनगर म्हणते, रिक्षावाले औरंगाबाद म्हणतात, आणि दोघंही बरोबर जागी पोचतात.

व्याही आणि विहीणबाई गावी असतात. गाव चिकलठाण्याच्या पुढं, जालना रोड सोडून आत. मी आलेय कळल्यावर दोघंही गाडी घेऊन भेटायला आले. व्याह्यांना सगळे नाना म्हणतात. उंच, बोलके, पांढऱ्या कपड्यांतले गृहस्थ. शेती बरी आहे, विहिरीला पाणी आहे, मुलाला नोकरी आहे, त्यामुळे आवाज मोकळा आहे. विहीणबाई म्हणजे सुमनबाई त्यांच्या उलट. त्या बसल्या की खोलीत कुणी बसलंय हे काही वेळानं लक्षात येतं.

आमच्याकडे जुनी माणसं मुलीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी जेवत नसत. मी हे सुमनबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या ताटात दुसरी भाकरी वाढली. बरोबर येसर घातलेली आमटी होती. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून केलेलं पीठ. ती आमटी पहिल्या घासाला साधी लागते आणि तिसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी काढते. मी रूढी बाजूला ठेवली.

जेवण झाल्यावर नानांनी मला विचारलं की इथं बसून तुम्ही काय करणार, त्यापेक्षा शेत बघायला चला. गौरी म्हणाली, जा आई. तिला झोपायचं होतं.

शेत

शेत रस्त्याला लागून आहे. कपाशी गुडघ्याला लागेल एवढी झाली होती आणि ओळी सरळ होत्या. ओळींच्या मधे जमिनीलगत एक हिरवी, रसरशीत वेल पसरली होती. तिला लहानलहान निळी फुलं होती. मी म्हटलं, सुंदर आहे. नाना म्हणाले, तो केना, तण आहे, आदल्या दिवशीच त्याच्यावर औषध मारलंय.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. ही कपाशी साधी नाही. हिच्यावर तणनाशक मारलं तरी हिला काही होत नाही, आजूबाजूचं तण तेवढं मरतं. तसा गुण बियाण्यातच घातलेला असतो. या बियाण्याला सरकारची परवानगी नाही. त्यामुळे ते दुकानात मिळत नाही, त्याच्या पुडक्यावर कंपनीचं नाव नसतं, पावती मिळत नाही. त्याला सगळे चोर बीटी म्हणतात. हे नाव नानांनी रस्त्यावर उभं राहून, मोठ्या आवाजात, दोन मोटारसायकली थांबलेल्या असताना घेतलं. मोटारसायकलवाल्यांच्या शेतातही तेच होतं.

"विहीणबाई, आठ दिवस थांबा. तण खलास, कपाशी जशीच्या तशी. बाई लावायची गरज नाय," नाना म्हणाले.

बाई लावणं म्हणजे खुरपणीला बायका बोलावणं. आमच्याकडे भातातलं तण काढतात त्याला बेणणी म्हणतात. गुडघाभर चिखलात वाकून ते करावं लागतं आणि रात्री पाठ आपली राहात नाही. तेव्हा बाटलीतलं औषध मारून हे काम होत असेल तर माझी तक्रार नव्हती. मी तसं म्हणाले. नाना खूश झाले. सुमनबाई बांधावर उभ्या होत्या.

परतताना मी विचारलं की केन्याची भजी करतात ना? आमच्याकडे पावसाळ्यात अशा रानभाज्यांवर घर चालतं. सुमनबाई म्हणाल्या, "करत होतो. पण ह्याला पेरणीच्या आधी एकदा आन् काल एकदा औषध पाजलंय. भज्याला नगं."

पुन्हा शेत

नानांनी आठ दिवस थांबायला सांगितलं होतं, पण त्यांनाच थांबवेना. एक दिवस सोडून ते मला घ्यायला आले. तेव्हा सगळं हिरवंच होतं. त्यांनी सांगितलं की हे औषध पानातून आत जातं, मुळापर्यंत उतरतं, त्याला वेळ लागतो. त्यानंतर आम्ही गेलो तेव्हा बांधाकडचं बारीक गवत पिवळं पडलं होतं. नानांनी ते मला हातानं दाखवलं. एक उंच वाढलेलं गवतही किंचित पिवळं झालं होतं. हे गवत पहिल्या वर्षी एका फवाऱ्यात जळून गेलं होतं, नाना म्हणाले, आता ते पिवळं पडतं, विचार करतं आणि पुन्हा हिरवं होतं. औषधाचं माप वाढवून बघितलं. गवतानं विचार करायला थोडा जास्त वेळ घेतला, एवढाच फरक पडला.

मी विचारलं, असं का होत असेल? नाना म्हणाले, दरसाल एकच औषध. जे मेलं त्याचं बी पडलं नाही. जे तरलं त्याचंच बी पडलं, आता सगळी त्याचीच औलाद. त्यांना हे सगळं नीट माहीत होतं. मी पुढचा प्रश्न विचारला नाही, कारण व्याह्यांना दोन प्रश्न लागोपाठ विचारत नाहीत.

केन्याची गोष्ट वेगळी होती. केना पहिल्यापासूनच या औषधाला फारसा जुमानत नव्हता. पण पूर्वी शेतात त्याच्याबरोबर दहा प्रकारची तणं असायची, त्यात तो एका कोपऱ्यात असे. बाकीची मेली आणि सगळं शेत त्याला मोकळं मिळालं. त्याला वर निळी फुलं येतात तशी जमिनीच्या आतही येतात आणि बी तिथल्या तिथं तयार होतं. औषधानं त्याची दोन-चार पानं करपली होती. तो पुढं निघाला होता.

त्या दिवशी सुमनबाई पश्चिमेच्या बाजूनं हळूहळू चालत आल्या आणि नानांना म्हणाल्या की तिकडची कपाशी बघा. आम्ही गेलो. कपाशीचे शेंडे पिवळे दिसत होते. नाना म्हणाले, पाणी लागलं असेल. सुमनबाई म्हणाल्या, पाऊस कुठाय. नाना म्हणाले, खत कमी पडलं असेल.

पुढच्या खेपेला शेंडे खाली वाकले होते. त्याच्या पुढच्या खेपेला पानं तपकिरी झाली होती. शेत मधोमध दुभागलं होतं, पूर्वेकडं हिरवी कपाशी आणि पश्चिमेकडं वाळलेली, मधे अगदी सरळ रेघ. जमीन तीच, फवारा तोच, माणूस तोच. फक्त बियाणं वेगळं होतं. नानांच्या नेहमीच्या माणसाकडची पुडकी यंदा कमी पडली होती. उरलेली त्यांनी दुसऱ्या एका माणसाकडून घेतली. त्यानं चोर बीटी म्हणून साधी सरकी दिली होती. औषध मारेपर्यंत दोन्हींत काहीही फरक दिसत नाही.

नानांनी त्या माणसाला फोन लावला. फोन बंद होता. मग ते बांधावर बसले. तक्रार कुणाकडं करायची हा प्रश्न होता. जे बियाणं विकायलाच बंदी आहे ते अस्सल दिलं नाही, अशी तक्रार घेणारं कार्यालय माझ्या ऐकिवात नाही. नानांच्याही नव्हतं. वाळलेल्या कपाशीच्या बुडाशी केना हिरवागार होता आणि त्याला भरपूर ऊन मिळू लागलं होतं.

मला त्या क्षणी वाटलं की आपण इथं नसायला हवं होतं. माणसाचं हसं होतं तेव्हा बायकोचे आई-वडील चालतात, भाऊ चालतो, पण सुनेची आई नको. नानाही माझ्याकडं बघत नव्हते.

औरंगपुरा

दुसऱ्या दिवशी नाना सकाळीच आले. हिरवी राहिलेली अर्धी कपाशी तरी वाचवायची होती, कारण केना तिच्या उंचीला येऊ लागला होता. औरंगपुऱ्यात त्यांच्या ओळखीचं एक शेती औषधांचं दुकान होतं. मला बाळासाठी झबली घ्यायची होती. गाडी तिथल्या गल्ल्यांत नेण्यात अर्थ नाही म्हणून आम्ही रिक्षा केली.

दुकानदार पोरसवदा होता आणि फार नम्र. नाना म्हणाले, केना मरत नाही. दुकानदार म्हणाला, नाहीच मरत. कपाशी कोणती हे त्यानं विचारलं नाही. नानांनीही सांगितलं नाही. त्यानं मागच्या फळीवरून एक बाटली काढून पुढं ठेवली आणि हे टू-फोर-डी आहे, केन्यावर चालतं, असं सांगितलं. मग त्यानं खालच्या आवाजात जोडलं की कपाशीवर मात्र चालत नाही. ओळींच्या मधे, नळीला टोपी लावून, वारं नसताना जपून मारायचं. नाना म्हणाले, माहीत आहे, गेल्या वर्षी मारलं होतं. त्यांनी पावती मागून घेतली. पावती मिळते तिथं ते सोडत नसत.

पुढं मी झबली घेतली. येताना नानांनी बाटली आणि झबली एकाच पिशवीत ठेवली. मी झबली काढून मांडीवर घेतली. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि म्हणाला, "अच्छा किया अम्मा." एवढंच. घरी गेल्यावर मी झबली दोनदा धुतली. ती थोडी आटली.

त्या दिवशी जावयांनी संध्याकाळी नान-खलिया आणला. आखाड संपत आला होता, श्रावणात काही मिळणार नव्हतं. जावई मला म्हणाले, इकडं मासे नाहीत म्हणून हे. मऊ नान आणि लालभडक रस्सा. आम्ही कोकणातले लोक परप्रांतात कशालाही नावं ठेवायला तयार असतो. मी हाडं चोखून खाल्ली.

सुमनबाई

नानांना वारं पडायची वाट बघायची होती. मी त्या दिवसांत गावच्या घरी राहायला गेले. गौरीची तब्येत चांगली होती आणि तिला माझा कंटाळा आला होता.

दुपारी सुमनबाई आणि मी ओसरीवर तांदूळ निवडत बसलो. तांदूळ स्वच्छ होते, पण आम्हाला हाताला काहीतरी हवं होतं. सुमनबाईंनी तेव्हा जे सांगितलं ते त्यांनी आधी कुणाला सांगितलं होतं की नाही मला माहीत नाही. त्यांचं लग्न झालं तेव्हापासून त्या शेतात खुरपायला जात. त्यांच्या शेजारच्या शेताची मालकीण कांताबाई. बौद्ध वस्तीतली, नवऱ्यामागं दोन एकर स्वतः करणारी. तीच गावातल्या खुरपणीच्या बायकांची पुढारीण. पावसाळाभर या सगळ्या बायका एका ओळीनं बसून खुरपत, आणि सुमनबाई मालकीण असूनही त्यांच्यातच बसत. घरातल्या, सासूच्या, लेकीबाळींच्या सगळ्या गोष्टी तिथं व्हायच्या. सुमनबाईंना पहिल्या बाळंतपणाच्या कळा तिथंच सुरू झाल्या आणि कांताबाईंनी त्यांना बैलगाडीत घातलं.

मग चोर बीटी आलं. बायका लावायचं बंद झालं. सुमनबाई म्हणाल्या, "औषधानं तण गेलं का नाय ते तुम्ही बघितलंच. बायका मात्र पहिल्याच वर्षी गेल्या." त्या बायका आता चिकलठाण्याच्या एका कंपनीत पॅकिंगला जातात. सकाळी टेंपो न्यायला येतो. त्यांचं काही वाईट झालं नाही. सुमनबाई घरी राहिल्या.

गेल्या वर्षी नानांनी केन्यावर ते टू-फोर-डी मारलं तेव्हा वारं फिरलं. कांताबाईंची कपाशी साधी, दुकानातली, रीतसर. तिची पानं आठवड्यात लांब, चिरलेली, भेंडीच्या पानासारखी झाली. बोंडं जवळजवळ धरलीच नाहीत. कांताबाई नानांना विचारायला आल्या तर नाना म्हणाले, रोग असेल. त्या दिवसापासून दोन्ही घरांत बोलणं नाही. दोन शेतांच्या मधे एक बांध आहे आणि तो सुमनबाईंनी वर्षभर ओलांडलेला नाही.

मी विचारलं, रोग होता का? सुमनबाई म्हणाल्या, "नाय. मी होते तिथं. वारं त्यांच्याकडंच होतं." मग त्या उठल्या, आत गेल्या, आणि पेटीचं झाकण लागल्याचा आवाज आला. परत येऊन तांदूळ निवडू लागल्या.

संध्याकाळी नाना आले आणि म्हणाले, वारं पडलंय, बाटली कुठाय. सुमनबाई म्हणाल्या, "ठेवलीय."

"कुठं?"

"ठेवलीय."

नाना माझ्याकडं वळले. मी पाहुणी होते आणि मला काही माहीत नव्हतं. ते बराच वेळ कोठीत शोधत होते. पेटीची किल्ली सुमनबाईंच्या कमरेला होती, पण ती तिथं कायमच असते, त्यामुळे तिच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही.

कांताबाईंचं घर

दुसऱ्या दिवशी सुमनबाईंनी मला विचारलं, गाव बघायचं का? मी चप्पल घातली. गाव बघायला फारसं नव्हतं. आम्ही शाळा पाहिली, टाकी पाहिली आणि मग बौद्ध वस्तीकडं वळलो. कांताबाईंच्या दारात सुमनबाई थांबल्या. मला वाटलं परत फिरतील. मग त्यांनी हाक मारली.

कांताबाई बाहेर आल्या. बारीक, काळ्यासावळ्या, चष्मा लावलेल्या. त्यांनी सुमनबाईंकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. सुमनबाई म्हणाल्या की ह्या माझ्या विहीणबाई, कोकणातल्या, गाव बघायला निघालो होतो. कांताबाई म्हणाल्या, या. गावात बघण्यासारखं त्यांचं घर आहे की नाही याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

आत भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता, त्याच्याखाली टीव्ही. कांताबाईंनी चहा ठेवला. माझं कौतुक झालं, गौरीची चौकशी झाली, कोकणात नारळ किती असतात हा विषय झाला. चहा आला. सुमनबाईंनी कप उचलला आणि प्यायल्या. मला त्यात काही खास वाटलं नाही. घरी परतताना त्या म्हणाल्या की इतकी वर्षं कांताबाई त्यांच्याबरोबर शेतात भाकर खात होत्या, पण कांताबाईंच्या घरात बसून चहा त्यांनी आज पहिल्यांदा घेतला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. मी आमच्या गावातली घरं आठवू लागले आणि फार लांब जावं लागलं नाही.

चहानंतर सुमनबाईंनी कप बाजूला सारला. मग त्या म्हणाल्या, "कांता, शेतात केना लई झालाय."

"दिसतो ना बांधावरून," कांताबाई म्हणाल्या.

"अर्धी कपाशी मेली."

"ती बी दिसली."

सुमनबाईंनी बायका मिळतील का असं विचारलं. कांताबाई म्हणाल्या की रोज नाही. बायका कंपनीत आहेत, सावलीत बसून काम आहे, पगार महिन्याला होतो, ते सोडून कुणी येणार नाही आणि मी त्यांना या म्हणणार पण नाही. रविवारी सुट्टी असते. रविवारी विचारून बघीन. पण एक गोष्ट आहे. बोलवायला नानांनी यावं. सुमनबाईंशी त्यांचं भांडण नव्हतं आणि पाहुण्यांशी तर नाहीच नाही.

वाटेत सुमनबाई म्हणाल्या की नाना जाणार नाहीत. मलाही तसंच वाटलं.

बांध

नाना गेले नाहीत. त्यांनी पुढचा दिवस गावातून दुसऱ्या बायका मिळतात का ते बघण्यात घालवला. मिळाल्या नाहीत. बाटली मिळाली नाही. दुसरी आणायची म्हणून ते गाडीपर्यंत गेले. सुमनबाई ओसरीवरून म्हणाल्या की आणा, पण मग मी गौरीसोबत सावंतवाडीला जाते, तिकडं बेणणीचे दिवस आहेत. त्या हे मोठ्यानं बोलल्या नाहीत. नाना गाडीत बसले, थोडा वेळ तसेच बसून राहिले आणि उतरले. मी दाराआड होते. सुमनबाईंना बेणणी हा शब्द माझ्याकडूनच कळला होता.

मग सुमनबाईंनी खुरपं घेतलं आणि शेतात गेल्या. मी घरात बसून काय करणार? मीही एक घेतलं. केना उपटायला सोपा आहे, पण त्याचा तुकडा जमिनीवर राहिला तर पेरापेराला मुळं फुटतात. सगळा गोळा करून बाहेर न्यावा लागतो. तासाभरात माझी पाठ गेली. आम्ही दोघींनी एक ओळसुद्धा संपवली नव्हती. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत होती. नानांची विहीणबाई, कोकणातून लेकीला न्यायला आलेली, त्यांच्या शेतात खुरपते आहे, ही बातमी आमच्या आधी गावात पोचली.

नाना पायी आले. मला म्हणाले, तुम्ही उठा. मी म्हटलं, ही ओळ होऊ दे. ते उभे राहिले. पलीकडं कांताबाई आपल्या कपाशीत वाकून काहीतरी करत होत्या. नाना बांधाकडं चालू लागले. बांधावर चढले आणि थांबले. कांताबाई सरळ झाल्या.

"गेल्या वर्षी वारं फिरलं," नाना म्हणाले.

"वारं दरसाल फिरतं, नाना."

नानांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "रोग नव्हता तो."

"मला माहीत हाय."

"यंदा ते औषध मारत नाय."

"आन् पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी काय पेरायचं तेच अजून ठरलं नाय."

"मंग ठरवताना मला बोलवा," कांताबाई म्हणाल्या. "बांध एकच हाय."

सुमनबाई खुरपायच्या थांबल्या होत्या, पण त्यांनी मान वर केली नाही. मग नाना म्हणाले, "व्हय. बोलवीन." आणि त्यानंतर, जरा वेळानं, रविवारी बायका घेऊन याल का असं त्यांनी विचारलं. कांताबाई म्हणाल्या की विचारते. त्या पुन्हा वाकल्या. नाना बांधावरून उतरले तेव्हा त्यांचा पाय घसरला आणि ते आमच्याच बाजूला केन्यात बसले. हसलं कुणी नाही. पांढऱ्या धोतरावर हिरवा डाग राहिला.

रविवार

रविवारी बायका आल्या. माझी कल्पना होती की दोन-चार येतील, पण टेंपो भरून आल्यासारख्या आल्या. काहींनी कंपनीची टोपी घातली होती, उन्हाला बरी म्हणून. पश्चिमेचं शेत नानांनी आदल्या दिवशी नांगरून टाकलं होतं. तिथं उशिराची तूर टाकायचं ठरलं होतं. पूर्वेच्या अर्ध्यात बायका एका ओळीनं बसल्या आणि सुमनबाई कांताबाईंच्या शेजारी बसल्या.

मी सुमनबाईंना तोवर ज्या आवाजात बोलताना ऐकलं होतं तो त्यांचा आवाज नव्हताच, हे मला त्या दिवशी समजलं. त्यांचा आवाज मोठा आहे. त्यांना नकला येतात. औरंगपुऱ्यातल्या दुकानदाराची नक्कल त्यांनी त्याला कधी न बघता केली आणि ती बरोबर होती. नानांची केली तेव्हा नाना पाण्याची घागर घेऊन मागंच उभे होते. मालकानं पाणी द्यायचं ही तिथली पद्धत नाही, पण द्यायला दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी एकेकीला तांब्या भरून दिला. कांताबाईंनी घेतला, तोंडाला लावून प्यायल्या आणि परत दिला. नानांनी तोच तांब्या पुन्हा भरला आणि स्वतः प्यायले. बायका क्षणभर थांबल्या आणि मग पुन्हा बोलू लागल्या.

दुपारी बांधावर भाकऱ्या सोडल्या. ठेचा इतका तिखट होता की मी कांताबाईंकडं दही मागितलं. त्यांनी दिलं आणि विचारलं की तुमच्याकडं तण काढायला औषध मारतात का? मी म्हटलं, आता काही जण मारू लागलेत. त्या म्हणाल्या, केना राहतो का मागं? मी म्हटलं, अजून एवढा नाही. त्यांनी मान हलवली.

संध्याकाळपर्यंत पूर्वेचं सगळं झालं नाही. पण अर्ध्याहून जास्त झालं, आणि मधली माती दिसू लागली. मी बऱ्याच दिवसांत त्या शेतातली माती पाहिली नव्हती. काळीभोर होती.

नंतर

दोन दिवसांनी डॉक्टरांनी परवानगी दिली आणि आम्ही निघालो. नाना आणि सुमनबाई सोडायला आले. नानांनी गौरीला जपून जा सांगितलं, मला काही सांगितलं नाही. गाडी सुटताना ते खिडकीशी आले आणि म्हणाले की तुम्ही बघितलं ते तिकडं सांगत बसू नका. मी म्हटलं, नाही सांगत. हे लिहिण्याआधी मी त्यांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, नाव नका घालू, बाकी लिहा, सगळ्या गावाला माहीतच आहे. मी नावं बदलली आहेत.

गौरीला मुलगी झाली. बारशाला सुमनबाई आल्या, आणि पुढचं त्यांनी या उन्हाळ्यात फोनवर सांगितलं. पूर्वेची कपाशी बरी झाली. उशिराची तूर बेताची झाली. कांताबाईंच्या कपाशीची पानं यंदा कपाशीसारखीच राहिली. पेरणीचं ठरवायला नानांनी कांताबाईंना खरंच बोलावलं. दोघांचं एकमत झालं नाही. नानांना अजून चोर बीटीच हवं आहे, कांताबाईंना नको आहे. तेव्हा शेवटी असं ठरलं की बांधालगतच्या पट्ट्यात मूग आणि तूर, तिथं फवारा नाही, आणि उरलेल्यात नानांना हवं ते. यावर दोघंही नाराज आहेत. पेटीतल्या बाटलीबद्दल मी विचारलं. सुमनबाई म्हणाल्या, ठेवलीय.

गेल्या आठवड्यात नानांचा फोन आला. नातीची चौकशी झाली, पाऊसपाण्याची झाली. मग त्यांनी विचारलं की विहीणबाई, तुम्ही इकडं कधी येताय? मी म्हटलं, बघते, आखाडात येईन.

"या. फक्त रविवार धरून या," नाना म्हणाले. "माणूस कमी पडतंय."

व्याह्यांनी मुलीच्या आईला खुरपणीला बोलावलं, याला काय म्हणायचं यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. माझ्या भावाचं म्हणणं पडलं की हा अपमान आहे. मी शनिवारी पोचणारं तिकीट काढलं.